तपासले. निर्दोष आहे.

किस्से कसे साठतात, याचं मला नेहमी नवल वाटतं. अगदी स्टीलच्या डब्यांच्या झाकणांसारखे! मूळ डबा कुणाच्या घरी राहिला ते आठवत नाही, झाकण मात्र मांडणीच्या कोपऱ्यात पडून असतं आणि आपण भलतंच काही शोधत असताना खणकन पायावर पडतं. आमच्या बुधवारच्या महिला संघाचे किस्से माझ्याकडे असेच साठलेत. चार जणी जमल्या की एकेक खाली पडतो. मग कुणीतरी म्हणतंच, "अगं, हे लिहून काढ की!"

लिहून काढायला माझी ना नाही. पण लिहून काढण्यात काय काय होतं ते मी एकदा पुरतं भोगलंय. तेच सांगते.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. मी माहेरची साताऱ्याची, लग्न होऊन सांगलीत आलेली. बी.ए., बी.एड., पण नोकरी नाही, कारण मुलगी लहान. आणि मुलगी लहान असली की जगात किती तऱ्हेचे ताप, किती पिसाळलेली कुत्री आणि किती उघडी गटारं असतात याचा हिशेब मला एकटीलाच ठेवावा लागे. पर्समध्ये लिपस्टिक नव्हे, थर्मामीटर! घरातून निघताना गॅसचा नॉब तीनदा बघायचा आणि कोपऱ्यावरून परत येऊन चौथ्यांदा. अशी मी.

बुधवारी दुपारी तीनला चर्चच्या शेजारच्या खोलीत आम्ही बायका बसायचो. सतरंजी, पवित्र शास्त्र म्हणजे बायबल, शेवटी चहा. त्या वर्षी आमच्या मंडळीला, म्हणजे चर्चला, पंच्याहत्तर वर्षं होणार होती. पुरुषांनी नवं गेट, रंगकाम, मांडव असं सगळं वाटून घेतलं. "आणि महिला संघाने काय करायचं?" असं विचारल्यावर कमिटीतून उत्तर आलं, "पोहे."

मालतीबाई उठल्या. चौतीस वर्षं मराठी शिकवून रिटायर झालेल्या बाई, उठल्या की सगळी कमिटी आपोआप ताठ बसायची. म्हणाल्या, "आम्ही मार्काचं शुभवर्तमान हाताने लिहून काढणार. सोळा अध्याय, सोळा बायका."

"त्यापेक्षा झेरॉक्स काढा की बाई! कोपऱ्यावर मशीन आलंय."

"झेरॉक्सला आम्ही लागत नाही," मालतीबाई म्हणाल्या. "म्हणूनच!"

ठरलं. मार्क, लूक अशी येशूच्या चरित्राची चार पुस्तकं बायबलात आहेत, त्यातलं मार्काचं सगळ्यात लहान. आणि सगळं तपासायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण अक्षर बरं आणि "तू बारकाईने बघतेस." आमचे पाळकसाहेब तरुण, हौशी. ते म्हणाले, "शेवटच्या पानावर एक ओळ घालू. 'तपासले. निर्दोष आहे.' खाली तुमची सही. सही पंच्याहत्तरीच्या सणाच्या दिवशी, सगळ्यांसमोर. पाहुणे म्हणून साताऱ्याचे थोरले पाळक येतायत."

थोरले पाळक! संडे स्कूलमध्ये त्यांनीच मला वचनं पाठ करायला लावली होती. एक शब्द गळला की पहिल्यापासून. दोन गळले की उभं राहून पहिल्यापासून. "शब्दन् शब्द देवाचा! टिंबन् टिंब देवाचं!" हे वाक्य त्यांच्या आवाजात अजूनही माझ्या कानात आहे.

गॅसचा नॉब चारदा बघणाऱ्या बाईने देवाचं वचन निर्दोष असल्याचा दाखला द्यायचा!

*

पहिला सुरुंग घरातच लागला. आमची रूथ तेव्हा दुसरीत. नवीनच वाचायला शिकलेली, त्यामुळे दुकानांच्या पाट्यांपासून औषधाच्या बाटलीपर्यंत काहीही सोडत नव्हती. मी टेबलावर कागद आखत होते. तिने माझं शास्त्र उघडलं आणि मोठ्याने वाचलं, "मार्क-कृत शुभवर्तमान. आई, कृत म्हणजे?"

"म्हणजे केलेलं. लिहिलेलं."

"पण तू म्हणालीस हे देवाचं पुस्तक आहे."

"आहेच."

"मग देवकृत का नाही? देवाला लिहिता येत नाही?"

"येतं ना! दहा आज्ञा देवाने स्वतःच्या बोटाने दगडी पाट्यांवर लिहिल्या." मला हायसं वाटलं. उत्तर सापडलं होतं.

"त्या पाट्या कुठायत?"

"मोशे डोंगरावरून खाली आला, लोकांचा वेडेपणा बघून त्याला राग आला आणि त्याने त्या... फोडल्या."

रूथने थोडा विचार केला. मग समजूतदारपणे मान हलवून म्हणाली, "म्हणून देव म्हणाला असेल, जाऊ दे, आता तुम्हीच लिहा!"

पाट्या नंतर पुन्हा लिहिल्या गेल्या, हे सांगायचं होतं मला. पण ती खेळायला गेली होती. आणि खरं सांगायचं तर तिचं उत्तर माझ्यापेक्षा बरं होतं.

*

ते उत्तर मी बुधवारी पाळकसाहेबांना सांगितलं. ते खूप हसले आणि मग गंभीर झाले. म्हणाले, "बघा, काही लोकांना वाटतं, देव सांगत होता आणि माणसं टाइपरायटरसारखी खटखट उतरवत होती. काहींना वाटतं, माणसांनी आपल्या मनचं लिहिलं आणि वर देवाचं नाव टाकलं. आम्ही दोन्ही म्हणत नाही. देवाने टाइपरायटर निवडले नाहीत, माणसं निवडली. त्यांचा स्वभाव, भाषा, आठवण, सगळ्यासकट. आणि त्यांच्यातून पवित्र आत्म्याने आपलं म्हणणं वदवून घेतलं."

मग उदाहरण म्हणून त्यांनी चर्चच्या पेटीकडे बोट दाखवलं. पेटी फार जुनी. तिची एक काळी पट्टी कायमची आत बसलेली, आणि भाता दाबला की दारासारखा कुरकुरायचा.

"वाजवणारा एक, पेटी दुसरी. पण गाणं एकच ऐकू येतं ना?"

मला लगेच काळजी. "पण साहेब, चूक झाली तर कुणाची धरायची? वाजवणाऱ्याची का पेटीची?"

पाळकसाहेब म्हणाले, "वचन जे सांगायला आलंय, त्यात ते आपल्याला फसवत नाही. एवढं मी छातीवर हात ठेवून सांगतो. बाकी पेटीची कुरकुर मी नाकारत नाही."

तेवढ्यात भिंतीला टेकून बसलेल्या साळूआत्या बोलल्या. साळूआत्या कुंडलच्या. सत्तरीच्या पुढच्या. दर बुधवारी एसटीने यायच्या. अक्षरओळख नाही, पण लहानपणी त्यांच्या गावात एक बायबलबाई यायची, खेडोपाडी फिरून बायकांना शास्त्र ऐकवणारी. तिच्याकडून ऐकून ऐकून अख्खे अध्याय पाठ.

"आवं साएब," आत्या म्हणाल्या, "सूर देवाचा, पेटी मार्काची. आनि कुरकुर करतीया ती ही पोरगी!"

बोट माझ्याकडे होतं.

*

कमलसिस्टर इस्पितळात तीस वर्षं नर्स. तिच्या वाटणीला पाचवा अध्याय आला. बारा वर्षं रक्तस्राव होणाऱ्या बाईची गोष्ट त्यात येते. एके दिवशी ती लिहिलेली पानं घेऊन ड्यूटीवरून थेट माझ्या घरी. पांढरा गणवेश, आणि चेहऱ्यावर काहीतरी सापडल्याचा आनंद.

"हे वाच. मार्क म्हणतो, या बाईने पुष्कळ वैद्य केले, होतं नव्हतं ते घातलं, आणि गुण तर नाहीच, उलट दुखणं वाढलं."

"बरं मग?"

"आता हीच गोष्ट लूकमध्ये वाच."

वाचली. लूक म्हणतो, तिला कुणाकडूनच बरं करता आलं नव्हतं. बस्. डॉक्टरांनी वाढवलं, हे नाहीच!

"लूक कोण होता?" सिस्टरने परीक्षा घेतली.

"वैद्य," मी म्हटलं.

"मग? डॉक्टर डॉक्टरला सांभाळून घेणारच! तीस वर्षं बघतेय मी!" आणि ती इतकी हसली की रूथ बाहेरून पळत आली.

मला मात्र हसू येईना. "सिस्टर, अगं पण मग पवित्र आत्म्याने हे चालू कसं दिलं?"

"का नाही देणार? त्याने लूकला लिही म्हणून सांगितलं, डॉक्टरकी सोड म्हणून कुठं सांगितलं?" ती पानं आवरत म्हणाली. "बाई बरी झाली हे दोघांनी सांगितलंय ना? मग झालं तर. चहा टाक."

*

मालतीबाईंचा पहिला अध्याय सगळ्यात आधी आला. अक्षर म्हणजे मोत्यांची ओळ. मी मूळ शास्त्र शेजारी ठेवून तपासायला बसले. मार्क पहिल्या अध्यायात घडीघडीला 'लागलेच', म्हणजे लगेच, म्हणतो. लागलेच हे झालं, लागलेच ते झालं. मालतीबाईंच्या प्रतीत 'लागलेच' फक्त दोनदा!

आता बाईंना सांगणार कोण? दोन दिवस मी नुसती फाईल घेऊन हिंडले. शेवटी गेले. "बाई, काही शब्द... राहिलेत."

"राहिले नाहीत," बाई शांतपणे म्हणाल्या. "काढलेत. पुनरुक्ती आहे. आठवीतल्या मुलाने असं लिहिलं तर मी दहापैकी पाच देते."

"पण बाई, शास्त्र आहे!"

"शास्त्रातच आहे म्हणून तर काढले. देवाच्या नावावर असलं मराठी जायला नको."

मग मी पाळकसाहेबांकडून ऐकलेलं घाबरत घाबरत सांगितलं. पूर्वीपासून मंडळी अशी समजूत धरून आहे की मार्काने पेत्राच्या आठवणी लिहून घेतल्या. पेत्र म्हणजे येशूचा शिष्य, कोळी माणूस, उतावळा. तो सांगताना असाच सांगत असणार, हे झालं आणि लगेच ते झालं, दम न घेता.

 बाईंनी नवा कागद ओढला. संपूर्ण अध्याय पुन्हा लिहिला, एकूण एक 'लागलेच' जागच्या जागी. माझ्या हातात देताना म्हणाल्या, "म्हणजे तो दोष नाही, आवाज आहे. हे मला चौतीस वर्षं कुणी सांगितलं नाही."

जरा वेळाने त्यांना राहवलं नाही. "तरी सहा. सहाच्या वर मी देणार नाही."

*

आमचे हे तेव्हा आटपाडीला नोकरीवर. महिन्यातून एका शनिवारी घरी, सोमवारी पहाटे परत. डिसेंबरात त्यांचं पोस्टकार्ड आलं. वरच्या अर्ध्या भागात रूथसाठी उपदेश. रोज प्रार्थना कर, आईला त्रास देऊ नको, देवावर भरवसा ठेव. आणि तळाशी, कोपऱ्यात दाटीवाटीने, "स्वेटर दाराच्या खुंटीवर राहिलाय. इथे फार गारठा आहे. कुणाबरोबर तरी पाठव. आणि माझी ती दोन पुस्तकंही."

बुधवारी मी ते सहज वाचून दाखवलं, तर पाळकसाहेबांनी मांडीवर थाप मारली. "अहो, ही तर पौलाची चिठ्ठी!" आणि त्यांनी शास्त्रातलं, प्रेषित पौलाने आपल्या शिष्याला, तीमथ्याला, लिहिलेलं दुसरं पत्र काढलं. खरंच की! ज्या पत्रात सगळं शास्त्र देवाच्या प्रेरणेने आहे असं पौल ठासून सांगतो, त्याच पत्राच्या शेवटी तो लिहितो, माझा झगा अमक्याच्या घरी राहिलाय तो घेऊन ये, आणि पुस्तकंही. थंडीच्या आत ये.

इतक्या वर्षांत कुणी लक्षच दिलं नव्हतं. एक म्हातारा माणूस, कैदेत, आणि त्याला थंडी वाजतेय.

साळूआत्यांनी डोळे पुसले आणि मग माझ्याकडे वळून ओरडल्याच. "आगं, हितं काय बसलीयास? स्वेटर धाडलास का न्हाई त्येचा?"

*

आता साळूआत्यांचा अध्याय.

सोळा बायकांची यादी झाली तेव्हा त्यांचं नाव कुणी घेतलं नव्हतं. घेणार कसं? तर त्या उठून म्हणाल्या, "चवथा माजा. वादळाचा."

"आत्या, लिहायचं आहे."

"व्हय. मी सांगती, ही पोरगी लिवंल. पौल तरी सोता लिवत हुता का? साएबच म्हनलं, दुसरा लिवायचा म्हून."

हे खरं होतं. रोमच्या मंडळीला पाठवलेलं पत्र पौलाने सांगितलं आणि तर्तियस नावाच्या माणसाने लिहिलं. तो बिचारा शेवटी आपलाही सलाम घालून घेतो. पाळकसाहेबांनी हे आदल्याच बुधवारी सांगितलं होतं आणि आता त्यांना बोलायला जागा उरली नव्हती.

पहिल्याच बैठकीला आमचं वाजलं. आत्या डोळे मिटून सांगू लागल्या, "तवा सांज झाली. येशू म्हनला, चला, पल्याड जाऊ..." मी शास्त्र उघडं ठेवून त्यातलं लिहीत गेले. मग आत्या म्हणाल्या, "वाच बगू."

मी वाचलं.

"हे म्या सांगितलेलं न्हाई."

"आत्या, छापील पुस्तकात असंच आहे."

"मग पुस्तकातनंच उतरव की! मला कशापायी बसवलंयस?"

शेवटी तह झाला. आत्यांनी सांगायचं, मी पुस्तकातल्याच शब्दांत लिहायचं. "बरं," त्या म्हणाल्या. "पर मी सांगितल्याबिगर लेकनी हलवायची न्हाई."

आणि नेमकी रूथ तापाने पडली. टायफॉईड. पर्समध्ये थर्मामीटर घेऊन हिंडणाऱ्या बाईच्या हातात देवाने खराखुरा ताप दिला. इस्पितळात अकरा दिवस. चौथ्या दिवशी दुपारी साळूआत्या वॉर्डात हजर. कुंडलहून एसटीने, हातात गाठोडं. "कागुद आन. वादळ ऱ्हायलंय, आज लिवू."

"आत्या, आज नको. ताप एकशे तीन आहे."

"म्हून तर आज."

मी खाटेच्या एका बाजूला, कागद मांडीवर, शास्त्र खाटेच्या कडेला उघडं, डावा हात रूथच्या कपाळावर. दुसऱ्या बाजूला आत्या. त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या. रूथला सांगत होत्या. होडी कशी निघाली, आभाळ कसं भरून आलं, पाणी कसं आत आलं. येशू मागच्या बाजूला उशीवर डोकं ठेवून झोपलेला.

"उशी होती?" रूथने बारीक आवाजात विचारलं.

"हुती की! पेत्रानं बगितली हुती. त्येच्या ध्येनात ऱ्हायली. आपुन बुडतूय आनि ह्यो उशी घिऊन झोपलाय म्हनल्यावर कुनाच्या ध्येनात ऱ्हानार न्हाई?"

मी लिहीत होते. काय लिहीत होते देव जाणे. माझं सगळं लक्ष तळहाताखाली.

संध्याकाळी ताप उतरायला लागला. कमलसिस्टर म्हणाली, औषध लागू पडलं. आत्या म्हणाल्या, देवानं उतरवला. दोघी माझ्याकडे बघायला लागल्या.

"दोन्ही," मी म्हटलं.

"बघ!" सिस्टर म्हणाली. "शास्त्र कुणी लिहिलं म्हणून चार महिने पाळकांचं डोकं खातेयस, आणि उत्तर एका शब्दात दिलंस!"

*

शेवटचा सोळावा अध्याय माझा. रूथ घरी आल्यावर मी तो लिहायला घेतला. आठव्या वचनापाशी आले तर तिथे कंस, आणि खाली बारीक अक्षरांत टीप. यापुढचा मजकूर काही जुन्या हस्तलिखितांत आढळत नाही.

आयुष्यभर हे पुस्तक वाचलं आणि हा कंस मला दिसला नव्हता! मी तशीच पाळकसाहेबांकडे.

त्यांनी काही लपवलं नाही. म्हणाले, "मार्क तिथेच थांबला, का शेवटचं पान हरवलं, का पुढचं मागाहून कुणी जोडलं, खात्रीने कुणालाच सांगता येत नाही. मंडळी मात्र ते शतकानुशतकं वाचत आली आहे. टीप छापणाऱ्यांनी प्रामाणिकपणा केला. तुम्हीही करा. आठव्यानंतर एक ओळ मोकळी सोडा आणि पुढचं लिहा."

पण मला छळत होतं ते आठवं वचनच. तीन बायका पहाटे येशूच्या कबरेपाशी जातात. कबर रिकामी. तो उठलाय, जाऊन सांगा, असं त्यांना सांगितलं जातं. आणि त्या थरथरत पळून जातात, कुणाला काही सांगत नाहीत, कारण त्या घाबरलेल्या असतात. आणि तिथे मोकळी ओळ!

बुधवारी मी म्हटलं, "एवढी मोठी बातमी, आणि देवाने ती माझ्यासारख्या बायकांच्या हाती दिली. घाबरट. गप्प बसणाऱ्या."

पाळकसाहेब घसा खाकरत होते. साळूआत्यांनी शांतपणे पान लावत विचारलं, "कुनालाच सांगितलं न्हाई म्हंतीस?"

"असंच लिहिलंय, आत्या."

"मग कुंडलापतूर आलं कसं?"

*

सणाच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, बांधणी होऊन पुस्तक घरी आलं. लाल कापडी पुठ्ठा, सोनेरी क्रूस. शेवटच्या पानावर मालतीबाईंच्या मोत्यांसारख्या अक्षरात, 'तपासले. निर्दोष आहे.' खाली सहीसाठी रेघ.

पंधरा अध्याय मी तीन-तीनदा तपासले होते. चौथा एकदाही नाही. तो मीच लिहिलेला, शास्त्र उघडं ठेवून. पण नॉब बघायची सवय जाते का? उघडला.

'तेव्हा लय मोठे वादळ झाले.'

लय! निळ्या शाईत, ठसठशीत, माझ्याच अक्षरात!

वॉर्डात आत्या बोलत होत्या, माझा हात रूथच्या कपाळावर होता, आणि लेखणीने आत्यांचं ऐकलं होतं. अख्ख्या पुस्तकात चूक एकच, आणि ती तपासणाऱ्या बाईची!

ब्लेड काढलं. हलक्या हाताने शाई खरवडली की शब्द जातो, हे माहीत होतं. पण कागद पातळ. पान उलटून बघितलं तर त्याच जागी मागे येशूचं नाव. भोक पडलं तर? ब्लेड ठेवून दिलं. दोनदा काढलं, दोनदा ठेवलं. कुणाला सांगितलं नाही. अगदी त्या तीन बायकांसारखी.

रविवारी चर्च खच्चून भरलेलं. थोरले पाळक आता पार वाकलेले, जाड भिंगांचा चष्मा, पण आवाज तोच. आमच्या पाळकसाहेबांनी पुस्तक त्यांच्या हातात दिलं आणि म्हणाले, "साहेब, कुठलंही एक पान वाचून दाखवा. मग तपासणाऱ्या बाई सही करतील."

सोळा अध्याय होते. त्यांनी मधूनच कुठेतरी उघडलं. पहिलं वाक्य ऐकलं आणि मी बाकाची कड घट्ट धरली. सांज झाली, पलीकडे जाऊ.

"तेव्हा..." थोरले पाळक थांबले. चष्मा वर केला. पुस्तक जवळ घेतलं. "तेव्हा लय मोठे..."

एक पोरगं फिस्सकन हसलं. मालतीबाईंनी डोळे मिटून घेतले.

"ही चूक कुणाची?" तोच आवाज. मी आठ वर्षांची झाले.

उभी राहिले. "माझी, साहेब."

"चूक कशाची त्यात?" पुढच्या सतरंजीवरून साळूआत्या गुडघ्यावर हात देत उठल्या. "मी सांगितलंय, तिनं लिवलंय. वादळ लयच हुतं, साएब. तुमी हुता का तितं?"

थोरले पाळक त्यांच्याकडे बघत राहिले. मग चष्मा खाली आला.

"नाही, मावशी," ते म्हणाले. "मी नव्हतो."

"मग वाचा म्होरं."

त्यांनी वाचलं. पहिल्यापासून. "तेव्हा लय मोठे वादळ झाले," न अडखळता, आणि थेट वारा पडेपर्यंत. मग मला पुढे बोलावलं, शेवटचं पान उघडून पुस्तक माझ्यापुढे धरलं, वर खिशातलं पेन ठेवलं. "खोडायचंय, का सही करायचीय? तुम्ही ठरवा."

मी सही केली. पूर्ण नावाने.

आत्यांनी शेजारी उभ्या असलेल्या रूथला कोपराने ढोसलं. "काय लिवलंय गं तितं?"

रूथने टाचा उंचावून मोठ्याने वाचलं, "तपासले. निर्दोष आहे."

आत्या तोंडाला पदर लावून माझ्याकडे झुकल्या. "पोरी," त्या म्हणाल्या, "हितं 'लय' घालायचं ऱ्हायलं की गं!"